जावळ प्रलंबित असल्याचा दाखला

कोल्हापुरात कळंब्याला राहणाऱ्या आकाराम चौगले यांच्या नातवाच्या डोक्यावर पाच वर्षं आठ महिने वयाचे केस होते, आणि ते उतरवण्याच्या कामी सक्षम अधिकारी कोण, हे शासनानं अद्याप ठरवलेलं नव्हतं.

वास्तविक जावळ ही काही मोठी भानगड नव्हे. जोतिबाच्या डोंगरावर जायचं, पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं, वस्तरा फिरवायचा, पोरानं डोंगर हलेल असं रडायचं आणि मग घरी येऊन अख्ख्या गल्लीनं मटण जेवायचं. शास्त्र एवढंच. अट एकच, वय विषम पाहिजे. एक, तीन किंवा पाच.

नातू राजवीर एक वर्षाचा झाला तेव्हा सगळं जगच दार लावून घरात बसलं होतं. तिसऱ्या वर्षी त्याच्या बापानं, म्हणजे कृष्णातनं, नेदरलँड्समधली एक नोकरी सोडून दुसरी धरली आणि व्हिसाचे कागद कुठंतरी अडकले. मधे एकदा सगळे अकरा दिवस येऊन गेले, पण तेव्हा राजवीर दोन वर्षांचा होता. दोन ही सम संख्या. सम वर्षी जावळ काढलं तर काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळेच कुणी धाडस केलं नाही. आता पाच पूर्ण होऊन सहावं लागलं होतं. तरीही जानेवारीतल्या वाढदिवसापर्यंत पाचच धरायचं, असा निर्णय आकारामांच्या पत्नी बयाबाई यांनी दिला आणि तो अंतिम ठरला.

दरम्यान केस कमरेकडे निघाले होते. स्वप्नाली, म्हणजे राजवीरची आई, रोज सकाळी त्याच्या दोन वेण्या घालून त्याला शाळेत सोडायची. वर्गातल्या मुलींच्या वाढदिवसांची सगळी आमंत्रणं त्याला येत. तो त्यातलं एकही चुकवत नसे. त्याची स्वतःची काहीच तक्रार नव्हती.

तक्रार होती शाळेच्या सुट्ट्यांविषयी. त्या देशाच्या शिक्षणखात्यानं पंचांग डोळ्यासमोर ठेवून कोल्हापूरवर सूड उगवला असावा, असा आकारामांना संशय होता. उन्हाळी सुट्टी यायची ती नेमकी श्रावणात. श्रावणात जावळ म्हणजे जेवणात बटाटा, आणि जावळाला बटाटा वाढणाऱ्या घराची चर्चा गल्लीत दहा वर्षं चालते. ऑक्टोबरची सुट्टी आठवड्याची, ती नवरात्राच्या उपवासात नाहीतर दिवाळीच्या फराळात जायची. नाताळची सुट्टी लागायची ती मार्गशीर्षात नाहीतर पौषात. मार्गशीर्षात मटण चालत नाही, पौषात शुभकार्य चालत नाही. उरला नोव्हेंबरातला एक रविवार. तो धरला तर शाळा पाच दिवस बुडत होती.

"मग बुडू दे की!" आकाराम फोनवर म्हणाले. "पाच वर्साच्या पोराचं पाच दिवसात काय बुडतंय? मी सातवीपत्तूर निम्मी शाळा बुडवली. शिरोलीच्या फौंड्रीत फोरमन म्हणून रिटायर झालोच का न्हाय?"

"आबा, हितं तसं न्हाय चालत," कृष्णात म्हणाला. "रजेचा अर्ज करावा लागतोय. मी केलता. त्यांचं पत्र आलंय."

पत्र अतिशय नम्र होतं. नम्र पत्रातून आलेला नकार फार पक्का असतो. शाळेनं लिहिलं होतं की, आपल्या संस्कृतीविषयी आम्हाला नितांत आदर आहे. तथापि 'आजोबांनी बोलावलं आहे' हे धार्मिक कारणात बसत नाही. सदर विधी खरोखरच बाकी आहे आणि तो शाळेच्या सुट्टीत करता येत नाही, असं तिथल्या सक्षम अधिकाऱ्यानं लिहून दिल्यास आम्ही आनंदानं विचार करू.

"आमी सक्षम हाय की," आकाराम म्हणाले.

"आबा, शिक्का लागतोय," कृष्णात म्हणाला.

आकारामांनी बत्तीस वर्षं वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं होतं. लोखंड ऐकतं, हा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून सरकारी इमारतीत शिरले ते अर्ध्या तासात शिक्का घेऊन परतण्याच्या बेतानं. जन्माच्या खिडकीवर सांगितलं गेलं, "जन्म झालाय न्हवं? मग हितं काय काम?" मृत्यूच्या खिडकीवर त्यांच्याकडं जरा आशेनं पाहण्यात आलं. जातीच्या, उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या खिडक्या पालथ्या घालून ते शेवटी तिसऱ्या मजल्यावर पोचले. तिथं एका दारावर 'संकीर्ण दाखले' असं लिहिलं होतं. जे कुठंच बसत नाही ते संकीर्णमध्ये बसतं, आणि बसल्यावर सहसा उठत नाही.

संकीर्ण शाखेचे प्रमुख गणपतराव नावाचे गृहस्थ होते. शाखेत ते एकटेच असल्यामुळे दुय्यमही तेच होते. त्यांनी शाळेचं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"बसा पावणं. जावळ झाल्याचा दाखला मागितला असता तर दिला असता. झालेली गोष्ट लिवायला काय जातंय? पर ह्ये न झाल्याचा मागाल्यात."

"झालंच न्हाय तर झाल्याचा कसा मागू?"

"तेच म्हंतोय मी. न झालेल्या गोष्टी लई असत्यात. त्यातली नेमकी हीच झाली न्हाय, ह्येला पुरावा काय?"

"डोक्यावर केस हाईत की, सायेब."

"केस माझ्या बी डोक्यावर हाईत," गणपतराव म्हणाले. हे विधान तपासून पाहण्याचा मोह आकारामांनी आवरला. "जावळ काढून परत उगवलं नसंल कशावरनं? मूळ केस कुठला आन् नवीन कुठला, ह्ये ठरवाय लागंल. आन् मला सांगा, श्रावणात का न्हाय करत?"

"मटान."

"मटान ह्ये धार्मिक कारण हाय का?"

"कोल्हापुरात?" आकारामांनी विचारलं.

गणपतरावांनी रकान्यात 'होय' लिहिलं. एवढा एक मुद्दा त्याच दिवशी निकाली निघाला.

बाकीच्या मुद्द्यांची यादी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिली. मामाचं, मांडी उपलब्ध असल्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र. वस्तरा फिरवणाऱ्या ज्ञानू सलूनवाल्याचं संमतीपत्र. मटणाचा दावा केल्यामुळे बोकडाचा हयातीचा दाखला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डोक्याची स्थळपाहणी व पंचनामा.

"डोस्कं नेदरलँडात हाय, सायेब."

"मग पाहणीला अडचण हाय," गणपतराव सहानुभूतीनं म्हणाले. "ती नोंदवून ठिवतो."

राजवीरचा मामा अमरसिंह राधानगरीहून दुधाच्या गाडीत बसून आला. जवानीत त्यानं कुस्त्या मारल्या होत्या, आता म्हशी पाळायचा, आणि वजन ब्याण्णव किलोच्या खाली येऊ द्यायचा नाही. त्यानं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की, मी माझी उजवी मांडी भाच्याच्या जावळाकामी कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीनं देत आहे.

"डावी का न्हाय?" गणपतरावांनी विचारलं.

"डावीला मार हाय कुस्तीतला."

"तसं लिवा. उद्या डावीवर बसवलं तर आमच्यावर यायचं."

बोकडाचं काम सगळ्यात लवकर झालं. आकाराम त्याला दोरी लावून तीन मजले चढवून घेऊन गेले. गणपतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, बोकडानं गणपतरावांकडे पाहिलं, आणि जागच्या जागी शिक्का उमटला. स्वतः हजर राहणाऱ्याचं काम सरकारात अडत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. दाखल्याची मुदत मात्र दोन महिने होती. नोव्हेंबरातल्या रविवारी ती मुदत बोकडासकट संपणार होती.

उरलं डोकं. व्हिडिओ कॉलवर पाहणी ग्राह्य धरायला गणपतराव तयार झाले, पण कार्यालयीन वेळेत. कचेरी उघडे सकाळी दहाला, तेव्हा तिकडं साडेसहा वाजलेले आणि पोरगं गाढ झोपेत. ते शाळेतून सुटून घरी यायचं तोवर इकडं कचेरीला कुलूप. शाळेच्या वेळेत पाहणी करायची तर शाळेची रजा पाहिजे, आणि रजेसाठीच तर दाखला पाहिजे होता. आठवडाभर हे चक्र फिरलं. शेवटी झोपलेल्या डोक्याची पाहणी 'विशेष बाब' म्हणून मंजूर झाली.

ठरल्या दिवशी सकाळी दहा वाजता आकारामांनी फोन गणपतरावांच्या टेबलावर फायलीला टेकवून उभा केला. पडद्यावर अंधारी खोली, त्यात स्वप्नालीच्या हातातली विजेरी आणि उशीवर पसरलेले केस दिसले. आकारामांना नातवाचा गालही दिसला, त्यावर वाळलेली लाळ दिसली, आणि ते पाहणीचं कारण साफ विसरले.

"वयनी, जरा पालथं करा," गणपतराव म्हणाले. "मागची हद्द बगायची हाय."

कृष्णातनं पोराला अलगद पालथं केलं. राजवीर झोपेत डच भाषेत काहीतरी बोलला. गणपतरावांनी ते काय आहे विचारून 'हरकत नाही' असं लिहून घेतलं. मग ते खड्या आवाजात स्वतःलाच पंचनामा सांगत लिहू लागले. "पूर्वेस उजवा कान. पश्चिमेस डावा कान. उत्तरेस कपाळ. दक्षिणेस मान. चतुःसीमेच्या आतील क्षेत्र संपूर्ण केसांखाली. पडीक न्हाय. अतिक्रमण काय दिसतंय का? ते चमकतंय ते काय?"

"फुलपाखराची क्लिप आहे, साहेब," स्वप्नाली कुजबुजली. "रात्री काढायची राहिली."

"अतिक्रमण एक. तात्पुरत्या स्वरूपाचे." त्यांनी ओळ पूर्ण केली. "आता पाहणी झाली हाय. आदेश निघेपत्तूर जागेत कसलाबी बदल करायचा न्हाय. जैसे थे."

अशा रीतीनं राजवीर चौगले हा त्या देशातला एकमेव विद्यार्थी झाला, ज्याच्या डोक्याला कोल्हापूरची स्थगिती होती.

आणि बरोबर नवव्या दिवशी त्याच्या शाळेत उवा सापडल्या.

शाळेचं पत्र पुन्हा नम्र होतं. सात मुलांच्या डोक्यात उवा आढळल्या असून त्यात राजवीर आघाडीवर आहे. त्याचे केस लहान केल्यास उत्तम. उवा जाईपर्यंत त्यानं घरीच राहावं.

हे वाचून आकाराम उभे राहिले. "घरी राहा म्हणत्यात? मग रजा मिळालीच की! बसवा त्येला इमानात!"

"विचारलं मी," कृष्णात म्हणाला. "उवांसाठी घरात बसायची परवानगी हाय, इमानात बसायची न्हाय."

स्वप्नाली पडद्याजवळ आली. दोन दिवस आणि दोन रात्री ती ऑफिसचं काम आणि उवा एकाच टेबलावर निवडत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आबा, मी आता थकले हो. इथं ना कुणी मदतीला, ना कुणाला सांगायची सोय. कापून टाकते सगळे केस. एक बट ठेवते पाकिटात घालून, तुम्ही जोतिबाला वाहा."

आकारामांनी फोन बयाबाईंच्या हातात दिला आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. बयाबाई पाचच मिनिटांत मागोमाग आल्या.

"अवो, पोरगी दमलीया. केसांपायी तिचा जीव घेताय व्हय?"

"केसांचं काय घिऊन बसलीस?" आकाराम म्हणाले. "केस गेल्यावर पोरगं येतंय कशाला? काय निमित्त उरलं? पाच वर्सात अकरा दिस बघितलंय मी त्येला. त्यात तीन दिस त्येला ताप हुता."

बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांनाही तेच वाटत होतं, फक्त त्यांनी ते पाच वर्षं जावळ या नावाखाली बोलून काढलं होतं. मग त्या उठल्या आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून लाकडी फणी काढली. करवतीच्या पात्यासारखे बारीक दात असलेली ती फणी कृष्णातच्या लहानपणी तीन घरांत फिरायची. ती त्यांनी पुठ्ठ्यात गुंडाळून कुरिअरला दिली, आणि ती पोचेपर्यंत रोज व्हिडिओवर नारळाच्या तेलाचं प्रशिक्षण दिलं.

आकाराम मात्र नियमाला धरून गणपतरावांकडे गेले. स्थगिती असलेल्या जागेत शिरलेल्या उवांचं काय करायचं, हे त्यांना लेखी पाहिजे होतं.

गणपतरावांनी बराच विचार केला. "ती कुळं झाली. बारा वर्सं राहिली तर हक्क सांगत्यात. त्येच्या आत काढली तर काय अडचण न्हाय. औषध घाला, फणी फिरवा, पर जमीन हाय तशी ठिवा."

तसं पत्रही त्यांनी दिलं. त्यानुसार पंधरा दिवसांत सर्व कुळं निष्कासित करण्यात आली. फणी पुढं वर्गातल्या उरलेल्या सहा घरांत फिरली, आणि स्वप्नालीला त्या गावात पहिल्यांदाच लोक स्वतःहून चहाला बोलावू लागले.

ऑक्टोबर संपता संपता दाखला निघाला. मजकूर असा होता: 'प्रमाणित करण्यात येते की, चि. राजवीर कृष्णात चौगले, वय वर्षे पाच (विषम), यांचे डोके सद्यःस्थितीत केसांसह अस्तित्वात असून सदर केस प्रथमदर्शनी मूळचेच आहेत. सबब जावळ प्रलंबित असल्याची खात्री झाली आहे. श्रावण, मार्गशीर्ष व पौष हे महिने मटणाच्या वा शुभकार्याच्या अभावी बाद ठरतात.' सोबत एकोणचाळीस कागद होते. त्यात पंचनामा, मांडी, वस्तरा, उवांचा खुलासा आणि बोकडाचा फोटो होता.

शाळा भारावून गेली. इतका परिपूर्ण अर्ज आपल्याकडे आजवर आलेला नाही, असं मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं आणि पाच दिवसांची रजा मंजूर केली. एकच छोटीशी अट होती. केस मुलाचे असल्यामुळे मुलाची इच्छा विचारात घ्यावी. त्यांनी राजवीरला विचारलं होतं. त्यानं केस काढायला होकार दिला होता, आणि आपण कुठं बसणार त्याचं चित्रही काढलं होतं. चित्रात टोपी आणि मिशा असलेला एक माणूस होता आणि त्याच्या मांडीवर दोन वेण्या होत्या. खाली बाईंनी त्याला विचारून नाव लिहिलं होतं, आज्जा.

आकारामांनी ते चित्र फोनवर इतक्या वेळा बघितलं की बयाबाईंनी शेवटी फोन काढून घेतला.

"आता मांडी बदलली," कचेरीत ते चित्र पाहून गणपतराव गंभीर झाले. "फाईलला मामाची मांडी हाय. आज्जाची मांडी घालायची तर मामाचं हक्कसोडपत्र लागंल."

अमरसिंह पुन्हा दुधाच्या गाडीतून आला. ऐकून तो खुर्चीतून उठलाच. "हक्कसोड? आमच्या स्वप्नालीनं जमिनीची हक्कसोड अजून दिलेली न्हाय, आन् मी मांडीची देऊ? न्हाय सायेब. भाच्याच्या जावळाला मामाचीच मांडी. भावकीत तोंड दाखवायचं हाय मला."

शाळा म्हणत होती मुलाची इच्छा. फाईल म्हणत होती मामाची मांडी. विमानाची तिकिटं काढून झाली होती, रविवार चार दिवसांवर आला होता, आणि आकारामांनी गेल्या अडीच महिन्यांत पहिल्यांदाच टोपी काढून टेबलावर ठेवली.

तोडगा बयाबाईंनी काढला. त्या डबा घेऊन आल्या होत्या आणि दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "एकावर एक बसा की," त्या म्हणाल्या. "कुठल्या कायद्यात न्हाय म्हणलंय?"

गणपतरावांनी कायदा पाहिला. कुठंच नाही म्हटलेलं नव्हतं.

त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या रविवारी जोतिबाच्या डोंगरावर आलेल्या भाविकांनी एक आगळं दृश्य पाहिलं. सदुसष्ट वर्षांचे आकाराम चौगले मांडी घालून खाली बसले होते. त्यांच्या मांडीवर ब्याण्णव किलोचा अमरसिंह बसला होता. अमरसिंहच्या उजव्या मांडीवर राजवीर बसला होता आणि मागं वळून आज्जाच्या मिशा ओढत होता. ज्ञानू वस्तरा घेऊन या मनोऱ्याभोवती फिरत योग्य बाजू शोधत होता.

"आबा, जमतंय न्हवं?" कृष्णातनं काळजीनं विचारलं.

"चालू द्या!" आकाराम ओरडले. त्यांचा चेहरा जांभळा झाला होता, पाय केव्हाच बधिर झाले होते, आणि ते इतके खूश होते की चांगभलं म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. राजवीर अजिबात रडला नाही. रडला अमरसिंह, कारण भाच्याची पहिली बट पडताना मामाला रडू येतंच, आणि त्याच्या हुंदक्यांचा सगळा भार खाली आकारामांवर येत होता.

संध्याकाळी कळंब्याच्या घरासमोर मांडव भरला. गणपतराव पूर्तता अहवालासाठी स्वतः हजर होते. केस त्यांनी मोजून नाही तरी तोलून घेतले, लाखेनं बंद केलेल्या पाकिटात ठेवले आणि मग पंगतीला बसले. हयातीचा दाखला दिलेला बोकड ताटात ओळखून त्यांनी क्षणभर मान लववली. आकारामांना दोघांनी धरून त्यांच्या शेजारी आणून बसवलं. बोडक्या डोक्याचा राजवीर लगेच येऊन त्यांच्या मांडीवर बसला, या वेळी मधे कुणी नसताना.

गणपतराव ते बघत राहिले. मग वाढायला आलेल्या कृष्णातला त्यांनी विचारलं, "किती लांब हो तुमचं गाव?"

"सात हजार किलोमीटर आसंल."

"आन् कागद लागलं एकोणचाळीस," गणपतराव म्हणाले. त्यांनी तांबड्या रश्श्याची वाटी खाली ठेवली. "माझा पोरगा पुण्याला असतोय, चौगले. हिंजवडीला. सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला हितं पोचतोय. त्येची पोरगी आता चार वर्सांची हाय. जावळ तिथंच एका दुकानात काढलं, मोटारीसारख्या खुर्चीत बसवून. मला फोटू आला. त्या पोरीला बघून दोन वर्सं झाली मला."

आकारामांनी नातवाच्या डोक्यावरून फिरणारा हात थांबवला. "का वो? काय अडलंय?"

"तेच तर," गणपतराव म्हणाले. "काय बी अडलेलं न्हाय. अडलं असतं तर मी सोडवलं असतं की. तीस वर्सं दुसरं काय केलंय मी?"

बयाबाईंनी त्यांच्या वाटीत न विचारता आणखी रस्सा घातला.

सोमवारी संकीर्ण शाखेत एक नवा नमुना तयार झाला. त्याचं नाव 'हाकेच्या अंतरावर असून न येण्याच्या कारणाचा दाखला'. त्याला स्टॅम्प लागत नाही, पंचनामा लागत नाही, मामाची मांडी लागत नाही. सोबत कोणताही कागद जोडायचा नाही. रकाना एकच आहे, 'कारण'. पहिली प्रत गणपतरावांनी आपल्या मुलाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, 'बघतो बाबा, ह्या वीकेंडला जमतंय का.' गणपतरावांनी ते नियमानुसार तपासलं. ते कारणात बसत नव्हतं आणि नकारातही बसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते संकीर्णमध्ये ठेवलं.

नमुन्याचा गठ्ठा तिसऱ्या मजल्यावर टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेला आहे. पुणे, मुंबई आणि आसपास राहणाऱ्यांना तो विनामूल्य मिळतो, पोस्टानंही मागवता येतो. अजून कुणी मागवलेला नाही. अर्जदाराचं नाव लिहायची जागा वरच्या बाजूला आहे. कारणासाठी खाली अर्ध पान मोकळं सोडलं आहे, पण तुम्हाला एवढी जागा लागेल असं गणपतरावांना वाटत नाही.